शून्यसुद्धा लिहायचं

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

आमच्या घराण्याचा धंदा मोजण्याचा. आम्ही बागवान. माझे अब्बा बारामतीच्या बाजारात फळांचा व्यापार करीत आणि बारामती-इंदापूरच्या गावोगावच्या बागा उक्त्या घेत. बाग उक्ती घेणं म्हणजे काय, हे शहरातल्या श्रोत्यांना सांगायला हवं. फळ अजून झाडावर असतं, कच्चं असतं आणि त्याच वेळी सगळ्या बागेचा एकरकमी सौदा ठरतो. पुढे गारपीट झाली, फळ तडकलं, भाव पडला, तर तोटा घेणाऱ्याचा. म्हणून सौद्याआधी बागेत शिरायचं आणि फळं मोजायची. सगळी झाडं काही मोजून होत नाहीत. अब्बा बांधाकडचं एक झाड घेत, मधलं एक, विहिरीजवळचं एक आणि सगळ्यात मरतुकडं दिसणारं एक. त्या चार झाडांची फळं मोजून ते सगळ्या बागेचा अंदाज बांधत. मरतुकडं झाड कशाला, असं विचारलं तर म्हणत, ‘‘ते सोडलं तर हिशेब गोड होतो, पण खोटा होतो.’’

शाळेला सुट्टी असली की मी त्यांच्याबरोबर जाई. एकदा मी लांबूनच एका डाळिंबाकडे बघून सांगितलं, ‘‘शंभर असतील.’’ अब्बा आमच्या घरच्या दखनीत म्हणाले, ‘‘आँखां से नको, उंगली से गिन.’’ डोळ्यांनी नको, बोटानं मोज. मी मोजली. बासष्ट भरली.

पुढे मी मराठी घेऊन बी.ए. झाले आणि कवितेच्या नादाला लागले. तिथेही बोटं सुटली नाहीत. बारामती हे मोरोपंतांचं गाव. आर्या म्हणजे मात्रांचा हिशेब. मात्रा मोजताना बोटाची पेरं आपोआप अंगठ्याखाली येतात. पण आज मी ज्या मोजणीबद्दल बोलणार आहे, ती ना फळांची, ना मात्रांची. ती फळ होण्याच्या आधीची आहे. झाडाला फूल आलं, ते उमललं. आता त्या फुलावर मधमाशी, भुंगा, फुलपाखरू, साधी माशी, यांपैकी कोण येतं आणि किती वेळा येतं, याची मोजणी. अब्बांनी आयुष्यभर फळं मोजली. फळ ज्यांच्या येण्यानं धरतं, त्यांना मोजायचं त्यांच्या कधी मनात आलं नाही. माझ्याही आलं नव्हतं. ते शिकायची वेळ माझ्यावर पन्नाशी उलटल्यावर आली.

माझी धाकटी बहीण इंदापूर तालुक्यात दिली आहे. तिच्या मुलानं, माझ्या भाच्यानं, दोन एकर डाळिंब लावलं. रोपं, ठिबक, खड्डे, तारा, सगळ्याला पैसा लागतो. त्यासाठी बहिणीच्या पाटल्या गहाण पडल्या. पहिली दोन वर्षं बरी गेली. मग एका अंबे बहराला, फेब्रुवारीत, त्याचा फोन आला. ‘‘खाला, फूल ढिगानं आहे, पण फळच धरत नाही. झाडाखाली नुसता लाल सडा. माश्याच राहिल्या नाहीत आता. ही बाग काढतो आणि ऊस लावतो.’’

ऊस लावतो म्हणाला, यात नवल काही नाही. आमच्या मुलखात माणूस थकला की उसाकडे वळतो. ब्रिटिश काळापासून नीरेचा डावा कालवा बारामती-इंदापुरातून वाहतो. 1980 मध्ये उजनीचं धरण पुरं झालं आणि भीमेच्या काठानं आणखी पाणी आलं. पाणी आलं की ऊस आला. उसाला माशी लागत नाही. कांडी लावायची, साखर कांड्यातच साठते. फूल येवो न येवो, कुणाला फिकीर नाही. त्यामुळे उसाच्या गावाला मधमाशीची आठवण राहत नाही. ती आठवण येते डाळिंबवाल्याला, कांद्याचं बी धरणाऱ्याला, कलिंगड-खरबूज करणाऱ्याला. जगातल्या प्रमुख अन्नपिकांपैकी सुमारे तीन चतुर्थांश पिकं थोड्याफार प्रमाणात तरी कीटक-पाखरांच्या परागीभवनावर अवलंबून असतात, असं 2016 मध्ये संयुक्त राष्ट्रांशी संलग्न असलेल्या जैवविविधतेच्या आंतरराष्ट्रीय मंचानं सांगितलं होतं. इंदापूरच्या दोन एकरांतही तोच प्रश्न होता. फक्त तिथे तो पाटल्यांच्या वजनात मोजला जात होता.

मी गेले. भाच्याच्या ओळखीची कृषी महाविद्यालयातली एक विद्यार्थिनी तिथे आलेली होती. भाचा तिला म्हणाला, ‘‘मधपेट्या भाड्यानं आणून ठेवू का?’’ कल्पना चुकीची नव्हती. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रानं डाळिंबात, कांदाबियाण्यात सातेरी मधमाश्यांच्या पेट्या ठेवण्याचा पुरस्कार केलेला आहे. पुण्यात तर 1962 पासून मधमाश्यांची केंद्रीय संशोधन आणि प्रशिक्षण संस्था आहे. पण ती मुलगी म्हणाली, ‘‘दादा, आधी मोजू. माश्या नाहीत हे तुम्ही म्हणता. किती नाहीत?’’

किती नाहीत! मला तो प्रश्न फार आवडला. अब्बांनी विचारला असता असा.

तिनं आम्हाला रीत शिकवली. अगदी साधी आहे, म्हणून इथे सांगते. झाडाची एक बाजू निवडायची आणि तिथली उमललेली फुलं आधी मोजून लिहायची. मग दोन हातांवर बसायचं. आपली सावली फुलांवर पडू द्यायची नाही. माझ्याकडे बघून ती हळूच म्हणाली, ‘‘काकू, उद्यापासून अत्तर लावून येऊ नका.’’ मोबाइलमध्ये दहा मिनिटांचा गजर लावायचा आणि तेवढ्या वेळात त्या फुलांना किती भेटी मिळाल्या, ते वहीत लिहायचं. भेट कशाला म्हणायचं, हेही ठरलेलं. नुसतं वरून उडून गेलं, ती भेट नाही. पाकळीवर बाहेरून बसलं, ती भेट नाही. किड्याचं अंग फुलातल्या पुंकेसरांना किंवा कुक्षीला लागलं पाहिजे. एकच माशी तीन फुलांत शिरली, तर तीन भेटी. तीच परत आली, तर आणखी एक. आपण पाहुणे मोजत नाही, भेटी मोजतो. जोडीला वेळ लिहायची, ऊन की ढग, वारा किती, आणि फवारणी कधी झाली होती. कीटकाचं नाव माहीत नसेल तर गट लिहायचा: मधमाशी, दुसरी माशी, भुंगा, फुलपाखरू, भुंगेरा.

आता हिशेब. समजा, समोर 40 फुलं आहेत आणि दहा मिनिटांत 6 भेटी झाल्या. सहाला चाळीसनं आणि मग दहानं भागायचं. एका फुलाला एका मिनिटाला 0.015 भेटी. आकडा क्षुल्लक वाटतो; पण साठनं गुणा, म्हणजे तासाला 0.9. याचा अर्थ, एका फुलाकडे तासाभरात सरासरी एखादाच पाहुणा येतो. हा भागाकार केला नाही तर फसगत होते. शेजारच्या झाडावर फुलं दुप्पट असतील, तर तिथे भेटीही जास्त दिसणारच. खरा प्रश्न दर फुलामागे किती, हा आहे. लग्नात पंगत किती मोठी, यापेक्षा पानावर किती वाढलं, हे बघायचं.

मी पहिल्यांदा बसले ती बागेच्या मधोमध, सकाळी साडेनऊला. दहा मिनिटं किती मोठी असतात, हे तेव्हा कळलं. एक फुलपाखरू आलं, माझ्या फुलांवरून गेलं आणि पलीकडे दिसेनासं झालं. एक मुंगी देठावरून चढली आणि उतरली. गजर वाजला. माझी वही कोरी. मी उठायला लागले, तशी ती मुलगी म्हणाली, ‘‘काकू, शून्य लिहा.’’

मी म्हटलं, ‘‘काही आलंच नाही, तर लिहायचं काय?’’

‘‘तेच लिहायचं. शून्यसुद्धा लिहायचं. नाहीतर वहीत फक्त चांगले दिवस राहतात.’’

मला अब्बांचं मरतुकडं झाड आठवलं. मी शून्य लिहिलं. खरं सांगते, कविता लिहिताना एवढा जड शब्द मी क्वचित लिहिला असेल.

दुपारी बांधावर शेजारचे आबा आले. आम्ही तिघं तीन झाडांपुढे बसलेलो बघून हसले. ‘‘ताई, लोकं माश्या मारीत बसत्यात, तुमी मोजीत बसलाय व्हय? माश्या मोजून प्वाट भरतंय का?’’ मी म्हटलं, ‘‘आबा, तेच मोजतोय.’’

इथे थोडं थांबून मागे जाते. असं फुलांपुढे बसणं नवं नाही. जर्मनीत बर्लिनजवळ स्पांडाऊ नावाच्या गावी क्रिस्तियान कॉनराड श्प्रेंगेल नावाचे एक मुख्याध्यापक होते. ते तासन्‌तास फुलांपुढे बसून राहत. फुलाचा रंग, वास, मध, पाकळीवरच्या रेघा, हे सगळं कीटकांना बोलावण्यासाठी आहे, हे त्यांनी साडेचारशेहून अधिक वनस्पती पाहून मांडलं. त्यांचा ग्रंथ 1793 मध्ये निघाला. मोरोपंत बारामतीत वारले ते 1794 मध्ये. म्हणजे इकडे आमच्या गावात पंत मात्रा मोजत होते, त्याच काळात तिकडे एक मास्तर फुलावरचे पाहुणे न्याहाळत होते. श्प्रेंगेल यांच्या हयातीत त्यांच्या ग्रंथाची फारशी कदर झाली नाही. पुढे चार्ल्स डार्विननं त्यांचं महत्त्व जगापुढे आणलं.

डार्विन तर घड्याळ लावून बसत. 1876 च्या त्यांच्या ग्रंथात नोंद आहे: एका जाडजूड, केसाळ माशीनं, जिला तिकडे बंबलबी म्हणतात, तिनं बरोबर एका मिनिटात एका वनस्पतीची 24 फुलं घेतली. दुसरीकडे पंधरा मिनिटांत एकाच फुलाला आठ भेटी झाल्या. एवढ्या मोठ्या माणसाला हे मोजण्यात कमीपणा वाटला नाही. आज ब्रिटनमध्ये 2017 पासून सामान्य नागरिक हेच काम करतात. अर्धा मीटर लांब-रुंद चौकोनातलं एक फूल निवडायचं, दहा मिनिटं बसायचं, आलेले कीटक लिहायचे आणि कळवायचे. त्यात शाळेतली मुलं असतात, निवृत्त माणसं असतात. आमच्या भिगवणला उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी येतात, तेव्हा पुण्या-मुंबईची माणसं दुर्बिणी घेऊन येतात, पक्षी मोजतात. ती आवड आपल्याकडे रुजली. फुलापुढे बसायला तर दुर्बीणही लागत नाही.

परत बागेत येऊ. आम्ही दिवसातून तीनदा बसू लागलो: साडेनऊला, साडेअकराला आणि चारला. बागेच्या मधोमध एक जण, कडेला एक, आणि बांधाजवळ एक. तीन दिवसांत वहीनं तोंड उघडलं. मधोमध शून्य, शून्य, एक, शून्य. कडेला थोडं बरं. बांधाजवळ, जिथे तरवड आणि एकदांडी अजून शिल्लक होती, तिथे पेन्सिल खाली ठेवायला फुरसत नव्हती. फुलोरी होती, ती झुडपाच्या फांदीला एकच लहानसं पोळं लावते. पोया होती, भिंतीच्या भेगेत राहणारी, दंश न करणारी, मुंगीएवढी काळी माशी. सातेरी अधूनमधून. कारखान्याकडच्या पाण्याच्या टाकीला आग्या मोहोळ लोंबत असतं, त्यातली एखादी.

म्हणजे ‘माश्याच राहिल्या नाहीत’ हे खरं नव्हतं. माश्या बांधापर्यंत येत होत्या. आत येत नव्हत्या. हा फरक नुसत्या बघण्यानं कळला नसता. बघणारा माणूस बांधावर उभा राहिला तर म्हणेल माश्या भरपूर. मधोमध उभा राहिला तर म्हणेल संपल्या.

चौथ्या दिवशी सकाळी आठला मजूर आले आणि फवारणी झाली. फुलकिड्यांसाठी कीटकनाशक होतं. मजूर सकाळीच मिळतात, म्हणून भाचा नेहमी सकाळीच फवारायचा. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मी लिहिलं: मधोमध शून्य, कडेला शून्य, बांधाजवळही शून्य. ठिबकची नळी एका जागी गळत होती. त्या ओलीवर फुलोरीच्या माश्या पाणी प्यायला यायच्या. तिथे पाच-सहा मरून पडल्या होत्या. मी भाच्याला बोलावलं नाही. वही त्याच्या हातात दिली. त्यानं पान उलटलं, तारखा बघितल्या आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘‘खाला, मी पाहुण्यांना बोलावतोय आणि दारातच विष ठेवतोय.’’

मला त्याला दोष द्यायचा नाही. डाळिंबवाल्याच्या उशाशी तेल्या रोगाची, फुलकिड्यांची भीती कायम बसलेली असते. कर्ज असलं की माणूस एक फवारणी जास्तच करतो, कमी नाही. पण फवारणी कशाची, कधी आणि कोणत्या वेळी, हे तिन्ही प्रश्न वेगळे आहेत, हे वहीनं दाखवलं.

ती मुलगी तेवढ्यावर थांबली नाही. ती म्हणाली, भेटी कमी आहेत म्हणूनच फळ धरत नाही, हे अजून सिद्ध झालेलं नाही. डाळिंबाला दोन तऱ्हेची फुलं येतात. एक घंटेसारखं, नराचं, ते गळणारच. दुसरं सुरईसारखं, पोट फुगलेलं. फळ धरायचं ते याच फुलात. झाडाखालच्या लाल सड्यात घंटेची फुलं किती, हे आधी बघायचं. नाहीतर उगाच घाबरायला होतं. शिवाय सुरईच्या फुलात स्वतःचे परागकणही असतात, त्यामुळे माशी न येताही काही फळ धरतं. मग माशीनं नेमकं किती पडतं? त्यासाठी तिनं एक युक्ती सांगितली. सुरईच्या कळ्यांचे तीन गट करायचे. एका गटाला उमलण्याआधीच पातळ कापडाची पिशवी बांधायची, म्हणजे कोणी आत शिरणार नाही. दुसरा गट उघडा ठेवायचा. तिसऱ्याही उघड्याच, पण त्या उमलल्यावर दुसऱ्या झाडाचे पराग कुंचल्यानं लावायचे. हाताच्या फुलांत आणि उघड्या फुलांत सारखंच फळ धरलं, तर माश्या पुरेशा आहेत, दुखणं दुसरीकडे शोधा: पाणी, खत, रोग. पण हाताच्या फुलांत जास्त धरलं, तर तेवढी तूट पाहुण्यांची.

माझी एक जुनी मलमलची ओढणी होती. ती फाडून मी आणि बहिणीनं पिशव्या शिवल्या. बहीण टाके घालता घालता म्हणाली, ‘‘आपा, फुलांनाही पडदा?’’ दोघी खूप हसलो. बऱ्याच दिवसांनी तिला हसताना पाहिलं.

पिशवीतल्या फुलांत सगळ्यात कमी फळ धरलं. हातानं पराग लावलेल्यांत सगळ्यात जास्त. उघडी फुलं मध्ये. म्हणजे तूट होती.

भाच्यानं बाग काढली नाही. फुलोऱ्याच्या आठवड्यांत कीटकनाशक शक्यतो टाळायचं, मारावंच लागलं तर माश्या पोळ्याकडे परतल्यावर, दिवस मावळताना मारायचं, असं त्यानं ठरवलं. संध्याकाळी मजूर मिळेनात, तर स्वतः पंप पाठीवर घेतला. बांधाचं तण जाळायचं औषध बंद केलं. तरवड, एकदांडी राहू दिली. पण माशीला सात-बारा कळत नाही. ती आज याच्या शेतात, उद्या त्याच्या. म्हणून भाचा वही घेऊन आबांकडे गेला. आबांनी चष्मा लावून ते शून्यांचं पान बघितलं. त्यांनाही कांद्याचं बी धरायचं होतं. म्हणाले, ‘‘सांजच्याला मारतू मी बी. पर पेट्या आणल्यास तर मला इच्यारून आण.’’ पुढच्या बहराला दोघांनी मिळून पेट्या आणल्या. आधी आणल्या असत्या, तर सकाळच्या फवारणीत त्या माश्याही गेल्या असत्या, भाडंही गेलं असतं.

आता तुम्ही विचाराल, फळ किती वाढलं? वाढलं. पण त्याचं सगळं श्रेय मी माशीला देणार नाही. त्या वर्षी थंडी वेगळी होती, छाटणी वेगळी होती, भाच्याची काळजीही वेगळी होती. एका बागेच्या एका बहरावरून सिद्धांत होत नाही. भेटींच्या आकड्यालाही मर्यादा आहे. एखादा कीटक वारंवार येतो आणि मध चोरून जातो. दुसरा एकदाच येतो आणि अंगभर पराग घेऊन येतो. म्हणून आकडा म्हणजे सत्य नाही. सत्याकडे जायची ती एक पायरी आहे. पण पहिली पायरी गाळून वर जाता येत नाही.

जर्मनीत क्रेफेल्ड गावातल्या हौशी कीटक-अभ्यासकांनी 1989 पासून संरक्षित क्षेत्रांत कीटक पकडून त्यांचं वजन लिहून ठेवलं. 2017 मध्ये तो हिशेब प्रसिद्ध झाला, तेव्हा कळलं, की 27 वर्षांत उडत्या कीटकांचं वजन तीन चतुर्थांशाहून अधिक घटलं आहे. जग हादरलं. ‘पूर्वी किडे फार असत’ असं तर प्रत्येक गावातली म्हातारी माणसं म्हणत होती. त्यानं कुणी हादरलं नव्हतं. वही होती, म्हणून हादरले.

माझ्यापुरतं सांगायचं, तर मला थोडी शरमही वाटली. तीस-पस्तीस वर्षं मी कवितेत फूल आणि भ्रमर यांना एकत्र आणत आले. वहीत पाहिलं, तर भुंग्याच्या भेटी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि सगळ्यात जास्त रकाना भरला होता तो ‘लहान काळी माशी, नाव माहीत नाही’ याचा. जिनं सगळ्यात जास्त काम केलं, तिचं नाव मला ठाऊक नव्हतं. कवितेत ती कधीच आली नव्हती. तिचं पोया हे नाव मला बहिणीच्या सासूबाईंनी सांगितलं.

कुराणातल्या सोळाव्या सूरेचं नावच ‘अन-नहल’, म्हणजे मधमाशी. तिथे मधमाशीला जी आज्ञा केली आहे, तिची अरबी क्रियापदं स्त्रीलिंगी आहेत, हे मला लहानपणी मौलवीसाहेबांनी सांगितलं होतं. तेव्हा ते नुसतं व्याकरण वाटलं. फुलापुढे बसले तेव्हा कळलं, की पराग गोळा करत हिंडणारी प्रत्येक मधमाशी मादीच असते. दिवसभर खपणाऱ्या, नाव न लागणाऱ्या बायका मला काही नव्या नाहीत. माझी बहीण त्यातलीच. तिच्या पाटल्यांपैकी एक सुटली आहे. दुसरी अजून सुटायची आहे.

तुमच्याकडे बाग नसेल. गॅलरीत तुळस असेल, जास्वंद असेल. दाराशी शेवगा असेल. एकदा दहा मिनिटं बसून बघा. फुलं किती, ते लिहा, भेटी किती, ते लिहा, तारीख-वेळ लिहा. पुढच्या महिन्यात त्याच जागी, त्याच वेळी पुन्हा बसा. काही आलं नाही तर तेही लिहा. दोन-तीन वर्षांनी ती वही तुमच्या गल्लीबद्दल जे सांगेल, ते आठवणी सांगू शकणार नाहीत.

गेल्या बहराला बाग उक्ती घ्यायला एक बागवान आले होते. अब्बांच्या ओळखीतल्या घरचे. त्यांनीही चार झाडं निवडली आणि बोटानं फळं मोजली. भाव ठरेना. भाच्यानं मोठ्या अभिमानानं आमची वही त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी पानं चाळली, माश्यांचे रकाने बघितले आणि म्हणाले, ‘‘मियाँ, फळांचे पैसे देईन. माश्यांचे नाही देणार.’’

भाचा म्हणाला, ‘‘नका देऊ चाचा. त्यांचे आम्ही देतोय.’’